देणगी दिली म्हणजे प्राध्यापकाची सहीपण आपली?

निवांत_पुणेकर:
सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचं प्रकरण आठवतंय का? बेकी बेनारोया या तिथल्या ज्यू समाजातल्या बाईंनी २०१६ मध्ये इस्रायल अभ्यासासाठी ५० लाख डॉलर दिले, त्या पैशातून झालेल्या अध्यासनावर (म्हणजे देणगीवर चालणाऱ्या प्राध्यापकपदावर) लिओरा हॅल्परिन आल्या, मग २०२१ च्या मे महिन्यात गाझात लढाई पेटलेली असताना ज्यू आणि इस्रायल अभ्यासातल्या इतर अभ्यासकांसोबत त्यांनीही इस्रायलवर टीका करणाऱ्या निवेदनावर सही केली आणि तिथून सगळं फिसकटलं. देणगीदार बाईंशी बोलणी झाली, जमलं नाही, २०२२ मध्ये विद्यापीठाने ५० लाख चक्क परत केले! सरळ शेपूट घातलं हो. वर्गणी दिली म्हणून आरती कुठली म्हणायची ते पण तुम्हीच ठरवणार का?

खडूस_काका:
वर्गणी १०१ रुपयांची असते, ही पन्नास लाख डॉलरची आहे. आणि अमेरिकेत ज्यू अभ्यास उभा राहिला तोच मुळात समाजाच्या पैशावर, हार्वर्डचं १९२५ चं लिटाऊर अध्यासन बघा. ज्यांनी खिशातून घातले त्यांनी विचारायचं पण नाही?

तिरकी_रेघ:
काका, उदाहरण तुमचंच घेते. त्याच लिटाऊर अध्यासनावरच्या वुल्फसन यांनी दोन जाडजूड खंड लिहिले ते कोणावर, तर स्पिनोझा या तत्त्वज्ञावर! ज्याला अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने १६५६ मध्ये वाळीत टाकलं होतं तो. असं अध्यासन हवं की नको ते सांगा.

खडूस_काका:
स्पिनोझाला जाऊन अडीचशे वर्षं झाली होती, तेव्हा कोणाला झोंबणार? ताज्या युद्धावर सही करणं वेगळं.

अलिबागची_पोर:
सगळे चेकवरच का अडकलात? त्याच विद्यापीठाला तुर्कस्तान, र्‍होड्सहून आलेल्या सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यू) घरांनी कपाटातली लादिनो (त्यांची स्पॅनिशच्या जवळची भाषा) पुस्तकं नि पत्रं दिली, ती स्कॅन झाली, त्यावर अभ्यास चालू आहे. समाजाचा सहभाग मला तरी हा वाटतो. आपल्याकडे बेने इस्रायलींची (कोकणातल्या मराठी ज्यूंची) मराठी कीर्तनं आहेत, १८७४ मध्ये पुण्यात छापलेली मराठी हगादा आहे (पेसाख या ज्यू सणाच्या रात्री वाचतात ती पोथी), राजपूरकरांसारखे मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक याच समाजातले. एवढं सामान पडलंय, पण मराठी विभागांना त्याचं काही पडलेलं नाही.

निवांत_पुणेकर:
+१, आणि पुस्तक दिल्यावर परत मागायला कोणी येत नाही.

खडूस_काका:
छान. आता स्कॅनर, कॅटलॉग आणि ते वाचणाऱ्या पोरांची फेलोशिप, हे कोण देणार तेवढं सांगा. लादिनोवाल्यांकडेही कोणीतरी पाकीट उघडलंच असेल की.