शून्य आणि रिकामा रकाना एक नव्हे

रानात जाऊन बेडकांसारख्या प्राण्यांच्या प्रजाती नोंदवताना त्या नोंदी आणि तिथली तापमान-आर्द्रता एकाच तक्त्यात ठेवावी का, असा प्रश्न विचारला जातो. वेगळी ठेवा, पण दोन्हीकडे भेटीचा (म्हणजे त्या जागी एकदा जाऊन शोधण्याचा) क्रमांक तोच हवा. भेटीच्या तक्त्यात तारीख, वेळ, किती मिनिटं शोधलं, किती जण होते, अक्षांश-रेखांश, तापमान. नोंदींच्या तक्त्यात एका भेटीतल्या एका प्रजातीला एक ओळ. डार्विन कोअर या जैवविविधतेच्या नोंदींसाठीच्या मानकातही भेट आणि नोंद अशाच वेगळ्या ठेवता येतात.

खरी गफलत शून्याची होते. शोधूनही बेडूक मिळाला नाही तर ० लिहा. शोधलाच नाही तर रकाना रिकामा. हे दोन्ही मिसळले की बेडूक तिथून नाहीसा झाला की कोणी पाहिलंच नाही, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. माझ्या मते चुकलेल्या ओळखीपेक्षाही हे वाईट, कारण ओळख फोटोवरून सुधारता तरी येते.

अक्षांश दशांश अंशांत, चार स्थळांपर्यंत द्या. चौथं स्थळ म्हणजे जमिनीवर साधारण ११ मीटर. दोनच स्थळं ठेवलीत तर तेच १.१ किलोमीटर होतं, आणि ओढ्यातला बेडूक नकाशावर डोंगरमाथ्यावर जाऊन बसतो. तारीख २०२४-०४-०३ अशीच लिहा. ०३/०४ असं लिहिलं की एक्सेल संगणकाच्या सेटिंगप्रमाणे मार्च किंवा एप्रिल धरतं, तेही न विचारता.