प्रेलेच्या बेलग्रेड-कथा: सर्बियन येत नसताना कशा वाचाव्यात?

पानवेडी:
दुशान प्रेलेविच ऊर्फ प्रेले (१९४८–२००७), कोर्नी ग्रुपा या रॉक बँडचा एकेकाळचा गायक. त्याच्या काफानातल्या (म्हणजे तिथल्या खानावळीतल्या), रात्रीच्या शहरातल्या कथा लॅटिन लिपीत मिळाल्या आहेत. स्कॅन करून यंत्र-अनुवादात टाकल्या की अर्धी वाक्यं निरर्थक येतात. कुठे बिघडतंय?

कागदकीट:
आधी ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखण्याचं काम, तपासा. स्कॅन ३०० डीपीआय, ग्रेस्केलमध्ये करा. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्राममध्ये सर्बियनचे दोन भाषा-संच आहेत. नुसत्या 'सर्बियन' नावाचा सिरिलिक लिपीसाठी असतो, लॅटिनचा वेगळा उतरवावा लागतो. इंग्रजी संच लावलात तर अक्षरांवरची चिन्हं गळतात. 'कुचा' म्हणजे घर. चिन्ह गेलं की 'कुत्सा', म्हणजे 'दार ठोठावतो'. शिवाय संवाद अवतरणात नसतात, आडव्या रेघेने सुरू होतात. ती रेघ गळली की दोघांचं बोलणं एकाच्याच तोंडी जातं. संवादाची पानं मूळ छपाईशी ताडून पाहाच.

रात्रपाळी:
यंत्र सुधारलं तरी शहर माहीत हवं. कुणाला 'एकोणतीस नोव्हेंबरमध्ये नेलं' असं आलं तर ती तारीख नव्हे. त्या नावाच्या रस्त्यावर पोलीस मुख्यालय होतं. म्हणजे माणसाला उचललंय. रस्त्याचं नाव आता देस्पोत स्तेफान बुलेव्हार आहे, आजच्या नकाशात जुनं सापडणार नाही.

पैशांचंही तसंच. १९६६ मध्ये १०० जुन्या दिनारांचा १ नवा झाला, पण लोक पुढेही वर्षानुवर्षं जुन्यातच बोलत राहिले. त्या हिशेबाने पत्त्यांत कुणी 'मिलियोन' (दहा लाख) हरला तर ते १०,००० नवे दिनार. हे सुटलं की कफल्लक माणूस लक्षाधीश वाटायला लागतो आणि कथेतली झळच जाते. आधी कथेचा काळ ठरवा, मग रक्कम वाचा.

दोन_देत्सी:
शब्दकोशात नसलेला शब्द उलटा करून पाहा. 'शात्रोवाच्की' बोलीत शब्दांचे तुकडे पुढचे मागे होतात: 'पिवो' म्हणजे बिअर, तिची 'वोपी', 'ब्राते' म्हणजे 'भावा', त्याचं 'तेब्रा'. विभक्तीचा प्रत्यय चिकटला असेल तर तो आधी सोडवा.

आणि काफानाला बार समजू नका. सकाळची कॉफी, दुपारचं जेवण, रात्रीची वाइन, सगळं तिथेच. वाइन देत्सीलिटरवर (१०० मिलीच्या मापाने) मागवतात, तीत सोडा घातला की 'श्प्रित्सर'. एकाने सगळ्यांसाठी फेरी, म्हणजे 'तुरा', सांगितली की पुढची दुसऱ्याने सांगायची. ती चुकवणाऱ्याची पत जाते. उधारीला 'वेरेसिया' म्हणतात. वेटरने ती नाकारणं हा चारचौघांतला अपमान. टेबलावर अचानक शांतता पसरली तर आधीच्या दोन पानांत पैसे कुणी दिले ते शोधा.