ओपन सोर्स प्रकल्प का तगतात? सिम्युलेशनने कळेल का?

आडवाटकर:
लिनक्स, अपाची, पायथन या ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पांच्या यशकथा आपण सगळ्यांनी वाचल्यात. मोकळा परवाना, खमका नेता, उत्साही स्वयंसेवक वगैरे. पण बंद पडलेल्या हजारो प्रकल्पांपैकी कित्येकांकडेही हेच होतं! मग फरक कशाने पडला? इतिहास परत घडवून बघता येत नाही. टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केलं आणि पुढच्याच वर्षी त्याची प्रतिस्पर्धी ऑपरेटिंग सिस्टम बीएसडी कोर्टकज्ज्यात अडकली, ती १९९४ पर्यंत. तो खटला नसता तर?

म्हणून मी सिम्युलेशनच्या, म्हणजे संगणकात काल्पनिक जग चालवून बघण्याच्या, बाजूने आहे. काही शे काल्पनिक प्रोग्रामर घ्या. प्रत्येकाला थोडा वेळ, थोडं कौशल्य, स्वतःची गरज द्या. नवा माणूस आधीच जास्त लोक असलेल्या प्रकल्पाकडे झुकतो, असा नियम ठेवा आणि हजारदा चालवा. दर वेळी तोच प्रकल्प जिंकला तर गुण त्याचे. दर वेळी वेगळा जिंकला तर सुरुवातीची आघाडी हेच खरं कारण.

खडूफळा:
साफ असहमत. गर्दीकडे गर्दी जाते हा नियम तुम्हीच घातलात, मग एकच प्रकल्प मोठा होणार हे उत्तरही तुम्हीच दिलंत. त्यात शोध कसला?
एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाचं उदाहरण घ्या. एकटा, थकलेला मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा). ‘जिया टॅन’ नावाने कोणीतरी २०२१ पासून पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) पाठवत विश्वास कमावतो आणि २०२४ मध्ये ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा घालतो. एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने खोदलं, म्हणून सापडला. हे कुठल्या समीकरणात बसवणार?

आडवाटकर:
तो हल्लेखोर नाही बसणार, मान्य. पण थकवा बसतो! बगचे रिपोर्ट वाढत गेले आणि हात तेवढेच राहिले, तर माणूस किती दिवसांत सोडून जातो? दुसरा मेंटेनर कधी मिळायला हवा? हे आधी कळलं तर माणसं वाचतील. माझी सगळी तळमळ त्यासाठीच आहे.

रेवती_स:
तुम्ही दोघं यश कशाने मोजताय? डाउनलोडने मोजलं तर ओपनएसएसएल हे वेबवरची माहिती गुप्त ठेवणारं सॉफ्टवेअर अत्यंत यशस्वी. जगातल्या असंख्य वेबसाइट त्यावर उभ्या होत्या, आणि देणग्या वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर. २०१४ मध्ये त्यातली हार्टब्लीड ही सुरक्षेची गंभीर चूक उघड झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी पैसे काढले. वापरणारे आणि सांभाळणारे हे दोन वेगळे आकडे ठेवले नाहीत, तर मॉडेल अशा प्रकल्पाला पूर्ण मार्क देईल.

आडवाटकर:
हे पटलं. दोन्ही वेगळे ठेवायलाच हवेत.

खडूफळा:
आकडे वेगळे केले तरी माझा आक्षेप उरतोच. तुमचे प्रोग्रामर एकेकटे निर्णय घेतात. २०१० च्या सुरुवातीला ओरॅकलने सन ही कंपनी विकत घेतली आणि सप्टेंबरमध्ये सनच्या ओपनऑफिस या प्रकल्पाचे लोक गटाने बाहेर पडून लिब्रेऑफिस घेऊन आले. माणसं आपसात बोलतात, चिडतात, एकत्र उठतात.

आडवाटकर:
शेजाऱ्याचं बघून निघून जाण्याचा नियम घालता येतो. आणि पडताळाही घेता येईल, कारण कोणी कधी काय बदललं याची नोंद उघडी असते. ऑगस्ट २०१० पर्यंतच्या नोंदी मॉडेलला द्यायच्या, पुढचं झाकायचं. फूट दिसली नाही तर मॉडेल नापास.

खडूफळा:
एका उदाहरणावर नको. मालक बदलूनही न फुटलेले प्रकल्प त्यात घाला, आणि कोणी मेंटेनर न उरल्याने मेलेलेही. आणि नियम कोणते, हे पडताळ्याआधी इथे लिहून टाका. नंतर बदलायचे नाहीत.