पर्समध्ये मावणारा, स्वस्त, छोटा कॅमेरा : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, आई जानेवारीत भिशीच्या मैत्रिणींबरोबर बदामी-हंपीला निघाली आहे. फोनवर फोटो काढणं तिला आवडत नाही. ऐन वेळी फोन वाजतो, बोट भलतीकडे लागतं, आणि संध्याकाळी बॅटरी संपली की तिची खुशाली आम्हाला कळत नाही. तिला हवाय पर्समध्ये जाणारा साधा कॅमेरा : एक चालू-बंदचं बटण, एक फोटोचं. बजेट १०,००० पर्यंत. त्यात नवीन फारसं काही मिळत नाही, म्हणून वापरलेलाही चालेल. ज्यांनी असा कॅमेरा वापरलाय त्यांनी अनुभव लिहा. कुठलं मॉडेल घ्यावं यापेक्षा घेताना काय बघावं, हे मला जास्त हवंय.

——

मी २००७ साली कॅननचा ए५७० आयएस घेतला. ७ मेगापिक्सेल, ४ पट झूम, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. सेलमुळे एका बाजूला फुगीर, म्हणजे सडपातळ नव्हेच, पण पँटच्या खिशात जायचा. पहिल्याच हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकला दुकानातले साधे सेल घालून गेलो. कोकणकड्यावर पोचेपर्यंत कॅमेरा बंद. तेच सेल घरी भिंतीवरच्या घड्याळात घातले तर कित्येक महिने चालले! सेल संपलेले नव्हतेच. फ्लॅश आणि लेन्सची मोटर एकदम जोराचा करंट ओढतात, साध्या सेलला तो देता येत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि कॅमेरा समजतो की सेल संपले. पुढे चार्ज होणारे सेल घेतले आणि ही कटकट मिटली. ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचेच असतात, पण करंट व्यवस्थित देतात. सेलवरचा कॅमेरा मिळाला तर त्या सेलचे दोन जोड आणि चार्जर यांचे पैसे आधीच धरा.

त्या कॅमेऱ्याला डोळा लावून बघायची छोटी खिडकीही होती. भर दुपारी गडावर स्क्रीनवर काही दिसत नाही, तेव्हा तिचाच आधार. नंतरच्या सडपातळ कॅमेऱ्यांतून ती गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

——

समुद्रावर नेणार असाल तर जपा. तारकर्लीला कॅमेरा टॉवेलवर ठेवला होता. चालू केल्यावर लेन्स बाहेर आली ती कर्रर आवाज करत, आणि मध्येच अडकली. वाळूचा एखादा कण आत गेला असणार. दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळपास सांगितला, म्हणून तो तसाच कपाटात आहे. आत फोटो होते, कार्ड काढून घेतलं, तेवढे वाचले. वापरलेला घेताना दहा वेळा चालू-बंद करा आणि कान देऊन ऐका. लेन्स एका दमात आत-बाहेर झाली पाहिजे.

——

मेगापिक्सेलच्या आकड्यावर जाऊ नका, एवढंच मला कळकळीने सांगायचंय. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला माझ्याकडे जुना ६ मेगापिक्सेलचा होता आणि चुलतभावाकडे नवाकोरा १६ चा. संध्याकाळी वाड्याच्या माजघरात पिवळ्या दिव्याखाली माझे फोटो स्वच्छ आले, त्याच्या फोटोंत आजीच्या चेहऱ्यावर नुसते रंगीत ठिपके. या छोट्या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे आतला उजेड टिपणारा भाग, बहुतेक वेळा साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहूनही लहान. तेवढ्याच जागेत जास्त पिक्सेल कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो. ४ बाय ६ इंची प्रिंटला सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा पुरतात. आजी गेली त्याला नऊ वर्षं झाली. भिंतीवर लावलेला फोटो त्या ६ मेगापिक्सेलचा आहे.

आणि झूम बघताना फक्त ऑप्टिकल, म्हणजे लेन्सने होणाऱ्या झूमचा आकडा बघा. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं, ते घरीही करता येतं.

——

बदामी म्हणालात म्हणून लिहिते. तिसऱ्या लेण्यात शके ५००, म्हणजे इ. स. ५७८चा शिलालेख आहे, आणि आतल्या भव्य मूर्तींसमोर सगळ्यांचा हात आपोआप फ्लॅशकडे जातो. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश जेमतेम तीन-चार मीटर पोचतो. समोरचा दगड पांढराफटक होतो आणि मागचं सगळं काळोखात जातं. मी फ्लॅश बंद केला, २ सेकंदांचा टायमर लावला आणि कॅमेरा पर्सवर टेकवून ठेवला. बटण दाबताना बसणारा हिसका टायमरमुळे निघून जातो. आईंना घरीच देवघरासमोर दोन-तीनदा करून दाखवा, लगेच जमेल.

——

मी तोक्योत असतो. इथे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानांत ‘जंक’ लिहिलेल्या टोपल्या असतात, त्यात जुने कॅमेरे अगदी किरकोळ किमतीला पडलेले असतात. तपासून दिलेले नसतात आणि परतही घेत नाहीत. मी दोन घेतले. एक घरी येऊन सुरू झाला, पण मेनू फक्त जपानी, भाषा बदलायची सोयच नाही. मला वाचता येतं म्हणून चाललं, नाशिकला बाबांना पाठवला असता तर पंचाईत होती. दुसरा ३२ जीबीचं कार्ड घेईना. २००६च्या आसपासचे आणि त्याआधीचे कॅमेरे बरेचदा २ जीबीपर्यंतचंच एसडी कार्ड ओळखतात. काहींना तर एसडी चालतच नाही, त्यांची कार्डं वेगळी आणि आता मिळायला कठीण. म्हणून कॅमेऱ्याआधी कार्डाची खाच बघा.

——

बॅटरीची जागा उघडून बघा. माझ्या वापरलेल्या कॅमेऱ्यात बॅटरी फुगून अडकली होती. फुगलेली बॅटरी टोकरून काढू नका आणि चार्ज तर मुळीच करू नका.

——

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी हे सगळं कागदावर लिहून फोर्टला बोरा बाजारात गेले. तिसऱ्या दुकानात कॅननचा वापरलेला इक्सस १८५ मिळाला : ८ पट ऑप्टिकल झूम, वजन जेमतेम सव्वाशे ग्रॅम, साधं एसडी कार्ड. माझं स्वतःचं कार्ड घालून तिथेच वीस फोटो काढले, लेन्सचा आवाज ऐकला, बॅटरी काढून टेबलावर सपाट बसते का ते पाहिलं. बिल घेतलं. जास्तीची एक बॅटरीही घेतली, तरी बजेटमध्ये बसलं. मेगापिक्सेल २० आहेत, त्याला इलाज नव्हता, पण दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या भागातले फोटो मला पटले.

आईला घरी दिला तर तिने पहिला फोटो काढला तो ओट्यावर दूध पिणाऱ्या आमच्या मांजरीचा. आता रोज संध्याकाळी देवघरासमोर टायमरचा सराव चालू आहे.