अनैमुडीच्या नावात हत्ती कुठून आला?

सह्यभटकी
नमस्कार मंडळी. शाळेपासून पाठ आहे की पश्चिम घाटातलं सगळ्यात उंच शिखर अनैमुडी, २६९५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा हजारेक मीटर उंच. आता मुन्नारला जायचं ठरतंय म्हणून वाचायला घेतलं तर कळलं की अनै किंवा आना म्हणजे हत्ती. मग वर हत्ती फिरतात म्हणून हे नाव पडलं का? आणि एवढ्या उंचीवर नक्की काय काय दिसतं? कोणी जाऊन आलं असेल तर जरा सविस्तर सांगा.

रानवाट
हत्ती आहेत की, अख्ख्या अनैमलईच्या जंगलात आहेत, अनैमलई म्हणजेच हत्तींचा डोंगर. पण शिखराचं नाव आकारावरून पडलं असंच बहुतेक जण सांगतात. मल्याळममध्ये मुडी म्हणजे डोक्यावरचे केस आणि डोंगराचा माथासुद्धा. आपण नाही का, कपाळालाही माथा म्हणतो आणि डोंगराच्या टोकालाही, तसंच. राजमलाच्या (मुन्नारजवळचा, पर्यटकांना खुला असलेला भाग) बाजूने बघितलं ना की असा अवाढव्य कातळ समोर येतो, वरून गोलसर, बाजू सरळ खाली उतरलेल्या, पाऊस होऊन गेला की त्यावरून पाण्याचे ओघळ चमकत असतात, हत्तीचं गंडस्थळच आठवतं. तिथल्याच मीशपुलिमलाचं नाव अजून भारी आहे, मीशा म्हणजे मिशी, पुली म्हणजे वाघ, मला म्हणजे डोंगर.

कातळखूण
या डोंगराचा खरा मालक म्हणजे निलगिरी ताहर! एरविकुलम नॅशनल पार्कात (९७ चौ. किमी, १९७८ पासून) जगातली त्यांची सगळ्यात मोठी वस्ती आहे. तमिळमध्ये वरैआडू म्हणतात, वरै म्हणजे कडा, आडू म्हणजे शेळी, कड्यावरची शेळी. गंमत बघा, आधी याला हिमालयातल्या ताहरचा भाऊबंद मानायचे, पण २००५ मध्ये जनुकं तपासली तेव्हा तो मेंढ्यांना जास्त जवळचा निघाला आणि त्याच्यासाठी वेगळा वंशच (जीनस) करावा लागला. मी राजमलाला पाहिला तो म्हातारा नर होता, अंग गडद तपकिरी आणि पाठीवर खोगीर टाकल्यासारखा चंदेरी पट्टा, धुकं सरकलं तसा दिसला, गवत ओरबाडत होता, मान वर करून एकदा बघितलं आणि जवळजवळ उभ्या कड्यावरून शांतपणे चालत खाली गेला. मी किती वेळ तिथेच उभा होतो.

ओलीमाती
ताहरबद्दल सगळे बोलतात म्हणून मी बेडकाचं सांगते. शिखराच्या माथ्यावर एक लालसर केशरी झुडुपबेडूक राहतो, पाय अगदी आखूड, पाठीवर फुगीर ग्रंथी, २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं. तेव्हा वाटलं होतं की तीन चौ. किमीपेक्षाही कमी जागेत, फक्त तिथेच आहे, नंतर एरविकुलममध्येच आणखी काही ठिकाणी सापडला! आणि टॅडपोल वगैरे भानगड नाही, अंड्यातून थेट छोटासा बेडूकच बाहेर येतो. हवा तापली तर खालचे प्राणी वर सरकतील, पण हा आधीच टोकावर बसलाय, त्याने जायचं कुठे? मला याची फार काळजी वाटते.

सह्यभटकी
बापरे, बेडकाचं अजिबात माहीत नव्हतं! मग शिखरावर चढता येतं का? आणि निळी फुलं कधी असतात?

कातळखूण
ताई, शिखरावर पर्यटकांना सोडत नाहीत, राजमलापर्यंतच जाता येतं, आणि ते बरंच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ताहरच्या माद्या वितात म्हणून पार्क बंद असतं, तेवढं बघून तारीख ठरवा. नीलकुरिंजी म्हणजे आपल्या कारवीचीच बहीण, पण ती बारा वर्षांनी फुलते, २००६ आणि २०१८ ला फुलली होती, आता २०३०.