व्हायरल न्यूमोनियात व्हिटॅमिन डीची ट्रायल, सही करू का?

प्रश्न:
बाबा ४ दिवस आयसीयूत आहेत, व्हायरल न्यूमोनिया, ऑक्सिजन चालू. रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी खूपच कमी आलंय. डॉक्टर म्हणाले चालू उपचारांसोबत डीचा मोठा डोस देऊन बघायची ट्रायल आहे, घेऊ का त्यांना? संमतीपत्र हातात घेऊन बसलेय आणि प्लासिबो (म्हणजे औषधासारखाच दिसणारा पण औषध नसलेला डोस) ह्या शब्दावर अडकलेय. कमी आहे तर सरळ देऊन का टाकत नाहीत?? सकाळपर्यंत सांगायचंय, प्लीज सांगा.

उत्तर १:
मी आयसीयूत नर्स आहे, अशा ट्रायलमध्ये कामही केलंय. आधी हे की प्लासिबो मिळालं म्हणजे बाबांचे उपचार थांबले असं अजिबात नाही. ऑक्सिजन, स्टेरॉइड जे चालू आहे ते दोन्ही गटांना तसंच, फरक त्या एका डोसचा, आणि तो कुणाला हे कॉम्प्युटर ठरवतो, आम्हालाही कळत नाही. आणि कमी आहे म्हणून द्या, हे वाटतं तितकं सरळ नाही गं. अंगात सूज वाढली की रक्तातलं डी आपोआपच खाली येतं, म्हणजे ते आजाराचं कारण की आजाराचा परिणाम हे नुसत्या रिपोर्टवरून सांगता येत नाही. ब्राझीलमध्ये कोविडच्या २४० पेशंटवर ट्रायल झाली, एकदाच २ लाख युनिट दिले, रक्तातली पातळी छान वाढली पण हॉस्पिटलमधले दिवस दोन्हीकडे ७ च.

उत्तर २:
पण स्पेनमध्ये फायदा दिसला होता ना? डी दिलेल्या ५० पैकी १ च आयसीयूत गेला, न दिलेल्या २६ पैकी १३.

उत्तर १:
हो, पण तिथे प्लासिबो नव्हतं, आणि न दिलेल्या गटात बीपी-शुगरवाले जास्त होते. म्हणूनच तर नीट ट्रायल लागते. व्हिटॅमिन आहे, काय बिघडणार, असंही धरू नकोस. सेप्सिसमध्ये (संसर्गामुळे अवयव बिघडायला लागतात तेव्हा) शिरेतून व्हिटॅमिन सी देऊन बघितलं, ८७२ पेशंट, २०२२ चा निकाल, तर सी दिलेल्यांचंच जास्त बिघडलं. डॉक्टरांना स्पष्ट विचार, ह्या ट्रायलमध्ये आधीपेक्षा वेगळं काय आहे, आणि डी जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं, तर ते किती वेळा तपासणार.

प्रश्नकर्ती:
खूप आभार ताई. आत्ता परत वाचलं, कॅल्शियम दिवसाआड तपासणार लिहिलंय, आणि मधूनच कधीही बाहेर पडता येतं. आईला वाचून दाखवते, वेगळं काय ते सकाळी राउंडला विचारते, मगच सही.