इशापूर २ए१: कापायची की आहे तशी ठेवायची?

रानवारा (टेक्सास): आमच्याकडे इशापूर २ए१ रायफल आहे. १९६२च्या चीन युद्धानंतर ब्रिटिश सैन्याच्या ली-एनफील्ड रायफलच्या धर्तीवर भारतात बनलेली, पण ७.६२ नाटो काडतुसाची. सरप्लस, म्हणजे सैन्याने काढून टाकलेला माल, म्हणून इकडे आली. बायकोलाही हीच चालवायची आहे, पण तिची उंची कमी. बट (मागचा लाकडी दस्ता) खांद्याला लावला की मान ताणावी लागते, पुढचं वजनही पेलत नाही. रेंजवरचे म्हणतात, बॅरल १८ इंचांवर आणा, पुढचं लाकूड उतरवा, दुर्बीण लावा. मला पटतंय. हत्यार चालवणाऱ्याच्या मापाचं नको का?

जुनं लाकूड: करवतीला हात लावू नका, कळकळीने सांगतो. १९६८चा कायदा येईपर्यंत अमेरिकेत एनफील्ड टपालाने स्वस्तात घरपोच मिळायच्या. लोकांनी त्या घरच्या घरी कापल्या, आता अखंड रायफल हवी तर शोधत फिरावं लागतं. तुमच्या रायफलच्या बोल्टखालच्या पट्टीवर आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी इशापूर) आणि साल कोरलेलं असेल, बघा. लाकूड एक वेळ नवं मिळेल. कापलेलं बॅरल आणि रिसीव्हरला (बोल्ट बसतो त्या लोखंडी सांगाड्याला) दुर्बिणीसाठी पाडलेली भोकं परत भरून येत नाहीत.

खांदेकरी: साफ असहमत. ही रायफल लाखांनी बनलेल्या घराण्यातली आहे, देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे. भारतात सामान्य माणसाला लष्करी बोअरची, म्हणजे सैन्याच्या काडतुसाची, रायफल मिळत नाही, म्हणून इशापूरनेच याच ॲक्शनवर (बोल्टच्या यंत्रणेवर) .३१५ची शिकारी रायफल काढली, आखूड लाकडाची. कारखान्याला चालतं ते मालकाला का नाही? वहिनींना पेलली नाही तर ती कपाटातच राहणार.

आर्मरर काका: दोघेही बटाबद्दल बोलतच नाही आहात. ब्रिटिशांनी १९४४मध्ये हीच जात आखूड करून पाहिली, नंबर ५ जंगल कार्बाइन. चार किलोची रायफल सव्वातीनवर आली आणि धक्का वाढला. बटामागचं रबर अरुंद, जुनं झालं की दगडासारखं कडक. नेम टिकत नाही ही ओरड वेगळीच. हलकं केलं की सोपं होतं, हा समज खांद्यावर उलटतो. सूनबाईंना तर तो धक्का आणखी जाणवेल.

लहान चणीच्या शिपायांसाठी सैन्याने बटच वेगवेगळ्या लांबीचे केले होते. लांब, नेहमीचा, आखूड आणि बँटम. बँटम नेहमीच्यापेक्षा इंचभर आखूड. मार्क ३चा, म्हणजे तुमची रायफल ज्या ली-एनफील्डवरून बनली तिचा, तसा बट शोधा. पण बट जागी धरून ठेवणारा आतला लांब बोल्ट (स्क्रू) फिरवायच्या आधी पुढचं लाकूड उतरवलंच पाहिजे. बोल्टचं चौकोनी टोक त्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. तसाच फिरवलात तर लाकूड चिरतं. हात बसलेला नसेल तर गनस्मिथकडे द्या.

खांदेकरी: काका, मान सुटेल, पण पुढचं वजन तसंच राहतं. उभं राहून मारायचं तर डावा हात थकतोच.

आर्मरर काका: थकतो, मान्य. सुरुवात वाळूच्या पिशवीवर टेकवून करा.

जुनं लाकूड: मूळ बट मात्र विकू नका, रायफलबरोबरच राहू द्या. दुर्बीण हवीच असेल तर भोक न पाडता मागच्या साइटच्या जागी बसणारे माउंट मिळतात.

रानवारा: ठरलं, बँटम बट शोधतो. तरी तिला उभ्याने जमलं नाही, तर कोणीतरी आधीच कापलेली एनफील्ड तिच्यासाठी घेईन.

जुनं लाकूड: ती खुशाल घ्या. तिच्यावर हवे ते बदल करा, माझी काहीच हरकत नाही.

खांदेकरी: माझी आहे. एका माणसासाठी दुसरी रायफल घेण्यापेक्षा घरातली बदलणं मला अजूनही बरोबर वाटतं.